दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन 'बी-ऊर' कसं तपासावं : पायऱ्या आणि त्यांचा क्रम

स्टुटगार्टला नोकरी करणाऱ्या एका वाचकाने मागे मला फोटो पाठवले. तिथल्या जुन्या बाजारातून त्याने ५५ मिलिमीटरचं काळ्या तबकडीचं घड्याळ उचललं होतं. घरी आल्या आल्या चावी दिली, चाललं नाही म्हणून ते जवळच्या दुकानात टाकलं, आणि आठवड्याने ते चकाचक होऊन परत आलं. केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाला, बफ मारलेला (घासून चकाकी आणलेली), काट्यांमध्ये नवा हिरवा रंग भरलेला, जुना पट्टा फेकून दिलेला. त्यानंतर त्याने मला विचारलं, "हे खरं आहे का?" आतल्या मशीनचा आणि झाकणाचा क्रमांक जुळत होता, म्हणजे घड्याळ खरं होतं. पण बाजूवरची कोरीव अक्षरं निम्मी पुसली गेली होती आणि मूळ रंग कायमचा गेला होता.

हीच चूक मला वारंवार दिसते. लोक आधी दुरुस्ती करतात आणि मग ओळख पटवायला बसतात. खरं तर फोटो, मोजमाप, तबकडी, झाकणाच्या आतला भाग, मशीन आणि कागदपत्रं हे सगळं झाल्यावरच सर्व्हिसिंगची पाळी येते. हा लेख त्या क्रमासाठी आहे.

आधी शब्दांची ओळख करून घेऊ. बी-ऊर म्हणजे 'बेओबाख्टुंग्सऊर', निरीक्षणाचं घड्याळ. जर्मन हवाई मंत्रालयाच्या मागणीवरून ते पाच नावांनी बनवलं : शाफहाउझेनची आय.डब्ल्यू.सी., ग्लासह्युटेची लांगे अँड झ्योने, फोर्त्सहाइमचे लाको आणि स्टोवा, आणि हँबुर्गची वेम्पे. बाजारात सगळे त्याला 'पायलट वॉच' म्हणतात, पण ते मुख्यतः विमानातल्या दिशादर्शकासाठी, म्हणजे नॅव्हिगेटरसाठी, होतं. हा फरक चौथ्या आणि आठव्या टप्प्यांत कामाला येईल.

टप्पा १ : हात लावण्याआधी

या घड्याळांच्या आकड्यांत आणि काट्यांत रेडियमचा रंग आहे. आज तो अंधारात चमकत नाही, म्हणून लोक तो निरुपद्रवी समजतात. हा समज चुकीचा आहे. चमक गेली ती त्यातल्या झिंक सल्फाइडची. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं आहे, त्यामुळे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत त्याचा किरणोत्सर्ग जवळपास तसाच राहिलेला आहे.

काच बंद असेल तर तपासणीपुरतं घड्याळ हाताळायला हरकत नाही. धोका आहे तो सुटलेल्या भुकटीचा, ती श्वासातून किंवा बोटांवरून पोटात जाण्याचा. म्हणून :

- जेवणाच्या टेबलावर काम करू नका. पांढरा कागद पसरा आणि काम संपल्यावर तो गुंडाळून फेका.
- काच तडकलेली किंवा निघालेली असेल तर घड्याळ झिपच्या पिशवीत ठेवा आणि पुढचं काम जाणत्या घड्याळजीवर सोपवा.
- रंग नखाने, टाचणीने किंवा ब्रशने टोकरू नका. 'थोडासा खरवडून बघतो' हे तर अजिबात नको.
- हात साबणाने धुवा. मुलांना लांब ठेवा.
- हवाबंद डब्यात ठेवू नका, कारण रेडियममधून रेडॉन वायू निघतो आणि डब्यात साठतो. हवा खेळती असलेलं कपाट बरं. उशाशी नको, रोज मनगटावर नको.

> सावधान : या टप्प्यावर चावी देऊ नका आणि क्राऊन (चावी द्यायचं बाजूचं बटण) ओढू नका. आतलं तेल कित्येक वर्षांपूर्वी सुकून चिकट झालेलं असतं. त्यावर मशीन चालवलं तर पिव्हट (चाकांच्या आसांची टोकं) झिजतात, आणि अडकलेला क्राऊन ओढला तर स्टेम (क्राऊनचा आतला दांडा) तुटतो. 'चालतंय का' हा प्रश्न आठव्या टप्प्यातला आहे.

टप्पा २ : फोटो आणि नोंद

घड्याळ पुसण्याआधी फोटो काढा. केसवरचा मळ, पट्ट्यावरचा घामाचा डाग, रिव्हेटजवळचा हिरवा गंज, हे सगळं माहिती देतं आणि ओल्या फडक्याच्या एका फटक्यात जातं.

किमान हे फोटो हवेत : समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, क्राऊनचा जवळून, पट्ट्याच्या दोन्ही अंगांचा. एका फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा. कोरीव अक्षरांसाठी फ्लॅश वापरू नका, फ्लॅशने करड्या केसवरची अक्षरं सपाट दिसतात. टॉर्च टेबलाच्या पातळीला आडवा धरा, म्हणजे खाचांत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं.

वहीत तारीख, कुणाकडून घेतलं, किती पैसे दिले आणि विकणाऱ्याने काय सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहा. आज 'लक्षात राहील' वाटतं, सहा महिन्यांनी त्याचं वाक्य आणि आपला अंदाज एकमेकांत मिसळलेले असतात.

पूर्ण क्रमांक दिसणारे फोटो कुठेही जाहीर टाकू नका. शेवटचे दोन-तीन आकडे झाका. खऱ्या घड्याळाचा क्रमांक उचलून तो नकली झाकणावर कोरणं अवघड नसतं.

टप्पा ३ : बाहेरून मोजमाप

निम्म्याहून जास्त नकली माल इथेच गळतो, आणि हे काम विकत घेण्याआधी विक्रेत्यासमोर करता येतं. व्हर्नियर कॅलिपर आणि १० पटीचं भिंग एवढं सोबत असलं की पुरे.

*व्यास.* क्राऊन सोडून केस ५५ मिमी. भरली पाहिजे. आजचं मोठं घड्याळ ४२ ते ४६ मिमी. असतं. आय.डब्ल्यू.सी.ने २००२ मध्ये आणलेलं 'बिग पायलट' ४६.२ मिमी. आहे. त्यामुळे बी-ऊर हातात धरल्यावर प्रथम ते खिशातल्या घड्याळाला पट्टा लावल्यासारखं वाटतं. त्यात नवल नाही, बहुतेकांचं मशीन मुळात खिशातल्या घड्याळाच्याच घराण्यातलं आहे.

*केसचा रंग.* मूळ केस चकचकीत नसते. विमानात प्रकाश परावर्तित होऊ नये म्हणून ती करडी, मंद ठेवलेली असे. आरशासारखी चमक दिसली तर केस नवी आहे किंवा कुणीतरी बफ मारलेला आहे.

*बाजूवरची खूण.* नऊच्या आकड्याच्या बाजूला केसच्या कडेवर एफ.एल. २३८८३ हा मजकूर हवा. यातलं एफ.एल. म्हणजे 'फ्लीगर', वैमानिक दल. २३ हा आकडा दिशादर्शनाच्या उपकरणांचा. हा मागणी-क्रमांक आहे, घड्याळाचा स्वतःचा क्रमांक नव्हे. सगळ्या बी-ऊरवर तो एकच असतो. 'हा क्रमांक तर दुसऱ्या घड्याळावरही पाहिला, म्हणजे हे नकली' असं म्हणत कुणीतरी मला दर काही महिन्यांनी लिहितं. तो सारखाच असायला हवा. वेगळा क्रमांक झाकणाच्या आत असतो.

*क्राऊन.* मोठा, खाचांचा, हातमोजे घालूनही फिरवता येईल असा. सपाट, छोटा क्राऊन दिसला तर तो नंतर बदललेला आहे.

*काच बसवलेलं झाकण.* मागून आतलं मशीन दिसत असेल तर सौदा तिथेच थांबवा. मूळ झाकण बंद धातूचं असतं.

*पट्टा.* लांब, रिव्हेट ठोकलेला चामडी पट्टा फ्लाइंग जॅकेटच्या बाहीवरून बांधायला होता. मूळ पट्टा टिकलेला क्वचित मिळतो, त्यामुळे नवा पट्टा असणं हा दोष नाही. मात्र पट्टा कोराकरकरीत असताना विक्रेता 'सगळं मूळ आहे' म्हणत असेल, तर त्याची बाकीची विधानंही दोनदा तपासा.

> तपासा : ५५ मिमी., कडेवर एफ.एल. २३८८३, बंद झाकण, मंद करडी केस. यातल्या एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर त्याचं कारण मिळेपर्यंत पैसे देऊ नका.

टप्पा ४ : तबकडी आणि काटे

इथे घाई करू नका. निम्मी किंमत तबकडीत असते आणि सर्वाधिक फसवणूकही तिच्यातच होते.

तबकड्या दोन प्रकारच्या. पहिल्या प्रकारात, ज्याला 'ए' म्हणतात, १ ते ११ असे तासांचे मोठे आकडे असतात आणि १२ च्या जागी त्रिकोण, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिपका. जानेवारी १९४१ पासून 'बी' प्रकार आला. त्यात बाहेरच्या मोठ्या वर्तुळात ५ ते ५५ ही मिनिटं आणि आत छोट्या वर्तुळात तास. दिशादर्शकाला मिनिटं आणि सेकंद अचूक वाचायची असतात, म्हणून मिनिटं मोठी केली.

यातून एक सोपी कसोटी मिळते. आय.डब्ल्यू.सी.ने १९४० मध्ये एक हजार बी-ऊर बनवली आणि ती सगळी 'ए' प्रकारची होती. आय.डब्ल्यू.सी.चं मशीन आणि 'बी' तबकडी अशी जोडी समोर आली, तर दोन घड्याळांचे भाग एकत्र आलेले आहेत किंवा तबकडी नवी आहे.

मूळ तबकडीवर कंपनीचं नाव नसतं. गरुड नसतो, 'लुफ्टवाफे' (जर्मन हवाई दल) हा शब्द नसतो, स्वस्तिकासारखं चिन्हही नसतं. हे सगळं असलेली घड्याळं ऑनलाइन ढिगाने दिसतात, आणि युद्धाचा जितका गाजावाजा तबकडीवर, तितकं घड्याळ खोटं असं मी बिनदिक्कत सांगेन. जर्मनीत राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट : तिथे दंडसंहितेच्या ८६अ कलमानुसार अशी नाझी चिन्हं सार्वजनिकरीत्या दाखवणं गुन्हा ठरू शकतं. नकली तबकडी घेऊन पैसे तर जातातच, वर हा त्रास.

सेकंदकाटा मध्यातून निघाला पाहिजे. सहाच्या किंवा नऊच्या जागी छोटी सेकंदाची तबकडी असेल तर ते बी-ऊर नाही. सोव्हिएत मोल्निया किंवा तसलंच खिशातल्या घड्याळाचं जुनं मशीन नव्या केसमध्ये घालून जी 'लग्न लावलेली' घड्याळं विकली जातात, ती या एका खुणेवरून लगेच पकडता येतात. काटे निळसर पोलादी असतात आणि त्यांच्या पोटात रंग भरलेला असतो.

आता भिंग लावा. छपाईच्या कडा स्वच्छ आहेत का ते बघा. मिनिटांच्या रेघा सारख्या अंतरावर आहेत का? चमकणाऱ्या रंगाचा थर आकड्याच्या बाहेर ओघळलाय का? तबकडीच्या काठावर रंगाचा जाड थर साचलाय का? आपल्याकडे हे ओळखणं विशेष गरजेचं आहे. मुंबईच्या जुन्या बाजारात आणि तिथून ऑनलाइन जाणाऱ्या मालात 'रिडायल' केलेली लष्करी घड्याळं भरपूर असतात. जुन्या तबकडीवर नवा रंग देऊन वर आकडे छापायचं कौशल्य खरंच मोठं आहे. कारागिराबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती रिडायल न सांगता विकणाऱ्याबद्दल.

शेवटी अतिनील टॉर्च. अंधारात दोन-तीन सेकंद प्रकाश मारा आणि बंद करा. जुना रेडियमचा रंग मंद दिसतो आणि टॉर्च बंद होताच जवळपास विझतो. टॉर्च बंद केल्यावरही आकडे मिनिटभर हिरवे किंवा निळे चमकत राहिले तर तो नवा रंग आहे. आकडे आणि काटे वेगवेगळे वागले तर दोन्हीपैकी एक बदललेलं आहे.

> सावधान : गायगर काउंटर टकटकला म्हणून घड्याळ खरं ठरत नाही. त्या काळातल्या साध्या गजराच्या घड्याळातही रेडियम असे, आणि त्या घड्याळाचे काटे काढून इथे बसवता येतात. काउंटर गप्प राहिला तर मात्र मूळ रंग उरलेला नाही, एवढं नक्की.

टप्पा ५ : मागचं झाकण

हे काम स्वतः करू नका. बहुतेक बी-ऊरचं झाकण दाबून बसवलेलं असतं. घरातल्या सुरीने ते उघडायचा प्रयत्न केला की काठावर जो ओरखडा पडतो तो जन्मभर राहतो, आणि सुरी घसरली तर आत बॅलन्स व्हीलपर्यंत (मशीनच्या नाजूक झुलत्या चाकापर्यंत) जाते. घड्याळजीकडे जा, त्याला रेडियमची कल्पना द्या, समोर बसा आणि झाकण उघडून फक्त फोटो काढायचे आहेत असं आधीच सांगा.

जर्मन कारखान्यांच्या झाकणात आतल्या बाजूला ओळीने मजकूर असतो : बाउआर्ट म्हणजे बांधणीचा प्रकार, गेरेट-नुमर म्हणजे उपकरण क्रमांक, वेर्क-नुमर म्हणजे मशीनचा क्रमांक, आनफोर्डरत्साइखन म्हणजे मागणीचं चिन्ह, आणि हेर्श्टेलर म्हणजे बनवणारा. मांडणी कारखान्यानुसार बदलते, पण मागणीच्या ओळीत एफ.एल. २३८८३ पुन्हा यायला हवं.

अक्षरांचं रूप बघा. जुन्या कोरीव अक्षराच्या खाचेत धूळ आणि काळपटपणा मुरलेला असतो. लेझरने जाळून काढलेलं अक्षर तळाशी सपाट असतं आणि त्याच्या कडा एकसारख्या गडद दिसतात.

टप्पा ६ : मशीन आणि क्रमांकांची जुळणी

झाकण उघडं असतानाच मशीनचे फोटो घ्या. पुन्हा उघडायला लागू नये. मग घरी बसून जुळणी करा (कॅलिबर म्हणजे मशीनचा प्रकार) :

- आय.डब्ल्यू.सी. : कॅलिबर ५२ एस.सी.
- लांगे : कॅलिबर ४८ किंवा ४८.१
- लाको : ड्युरोवे डी ५
- स्टोवा : युनिटास २८१२
- वेम्पे : थॉमेन ३१

झाकणावरचा वेर्क-नुमर आणि मशीनवरचा क्रमांक एकच असला पाहिजे. ही या सबंध तपासणीतली सर्वांत वजनदार खूण आहे. जुळला नाही तर लगेच नकली ठरवू नका. सर्व्हिसिंगला एकाच वेळी आलेल्या दोन घड्याळांची झाकणं अदलाबदल होऊ शकतात. पण मग किंमत जुळलेल्या घड्याळाची देऊ नका.

लांगेबाबत नेहमी गोंधळ होतो. लांगेची बरीच मशीन्स इतर घड्याळवाल्यांकडे जाऊन पूर्ण झाली, त्यामुळे मशीन लांगेचं आणि झाकणात बर्लिनचे फेल्सिंग, म्युनिकचे हूबर किंवा स्टुटगार्टचे शीरोन असं नाव दिसू शकतं. नावं वेगळी दिसली म्हणून एका वाचकाने चांगलं घड्याळ हातचं घालवलं, त्याची मला आजही हळहळ वाटते.

> तपासा : तबकडीचा प्रकार, झाकणातलं नाव, मशीनचं कॅलिबर आणि दोन्ही क्रमांक. या चार गोष्टी वहीत एकाखाली एक लिहा. एकमेकींशी विसंगत जोडी असेल तर ती कागदावर लगेच दिसते.

टप्पा ७ : कागद आणि युद्धातली गोष्ट

आता इतिहास. लोक इथून सुरुवात करतात, कारण विक्रेता इथून सुरुवात करतो.

आय.डब्ल्यू.सी. मशीनच्या आणि केसच्या क्रमांकावरून जुन्या नोंदींचा उतारा देते. लांगेच्या जुन्या नोंदवह्यांवरूनही उतारा मिळतो. अर्ज करताना सहाव्या टप्प्यातले फोटो लागतात, म्हणून हा टप्पा त्यानंतर. उताऱ्यावरची माहिती तुमच्या वहीशी ताडून बघा : कॅलिबर, क्रमांक, पाठवल्याची तारीख.

फोर्त्सहाइमच्या घड्याळांची स्थिती वेगळी आहे. २३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ब्रिटिश हवाई दलाच्या बाँबफेकीत ते शहर बेचिराख झालं आणि लाकोचा कारखानाही त्यात गेला. लाको किंवा स्टोवासाठी क्रमांकनिहाय उताऱ्याची आशा धरून सौदा करू नका. तिथे घड्याळ स्वतःच काय तो पुरावा, आणि म्हणून पाचवा आणि सहावा टप्पा अधिक काटेकोर हवा. ग्लासह्युटेवरही युद्धाच्या अखेरच्या दिवशी, ८ मे १९४५ ला बाँब पडले आणि लांगेची मुख्य इमारत उद्ध्वस्त झाली. तिथला उतारा हाती आला तर तो जपून ठेवा.

मग येते 'अमुक वैमानिकाने अमुक मोहिमेत हे घातलं होतं' ही गोष्ट. इथे एक मूलभूत मुद्दा आहे. बी-ऊर ही सैनिकाची खासगी वस्तू नव्हती. ती हवाई दलाची मालमत्ता होती, उड्डाणासाठी दिली जाई आणि परत घेतली जाई. त्यामुळे कारखान्याचा उतारा घड्याळ कारखान्यातून निघण्यापर्यंत पोचवतो. कुणाच्या मनगटावर होतं हे मशीनचा क्रमांक सांगत नाही. त्यासाठी स्वतंत्र कागद हवा : त्या काळचा फोटो, पत्र, किंवा युद्धानंतर ते मायदेशी नेणाऱ्या अमेरिकन सैनिकाकडचा युद्धलुटीचा परवाना. असा परवाना दिला जात असे आणि काही कुटुंबांनी तो सांभाळलेला असतो. त्यावर वस्तूचं वर्णन काय लिहिलंय ते वाचा. नुसतं 'घड्याळ' लिहिलेलं असेल तर ते हेच घड्याळ असं म्हणता येत नाही.

विक्रेत्याला तीनच प्रश्न विचारा : हे तुमच्याकडे कुणाकडून आलं, कधी आलं, आणि त्यांच्याकडे कुठून आलं. खरी माहिती असलेला माणूस दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रश्नाला 'माहीत नाही' म्हणतो. सगळ्या प्रश्नांना विमानाच्या नावासकट उत्तर मिळालं आणि एकही कागद निघाला नाही, तर त्या गोष्टीसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. किंमत घड्याळाची द्या.

टप्पा ८ : आता सर्व्हिसिंग

रेडियमची घड्याळं आधी हाताळलेला घड्याळजी शोधा. तो मिळाला नाही तर घड्याळ न चालवता ठेवणं चांगलं.

सूचना तोंडी देऊ नका. कागदावर लिहा, दोघांनी सही करा :

१. केसला बफ मारायचा नाही, कोरीव अक्षरांना हात लावायचा नाही.
२. तबकडी धुवायची नाही. तबकडी आणि काटे अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये घालायचे नाहीत.
३. रंग पुन्हा भरायचा नाही. काट्यातला रंग सुटत असेल तर आधी फोन करायचा.
४. बदललेला प्रत्येक भाग, अगदी तुटलेली स्प्रिंग आणि जुनी काचसुद्धा, पाकिटात घालून परत द्यायचा.
५. काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर मशीनचा फोटो.

चौथी सूचना लोक विसरतात. जुना क्राऊन झिजला म्हणून नवा बसवला तर घड्याळ वापरण्याजोगं होतं, पण जुना क्राऊन पाकिटात असला तर पुढच्या माणसाला तो पुन्हा बसवता येतो.

घड्याळ परत आल्यावर पहिल्यांदा चावी द्या, सावकाश, अडथळा जाणवताच थांबून. यांतली बहुतेक मशीन्स ताशी १८,००० ठोक्यांची असतात, म्हणून टाइमग्राफर (घड्याळाची गती मोजणारं यंत्र) त्या आकड्यावर लावायला सांगा. मग सेकंदकाटा १२ वर येताना क्राऊन ओढा. काटा जागेवर थांबला पाहिजे. दिशादर्शकाला घड्याळ सेकंदाबरहुकूम लावता यावं म्हणून ही सोय मागणीतच होती. काटा थांबत नसेल तर घड्याळजीला काटा थांबवणारी आतली पट्टी बघायला सांगा. बऱ्याचदा ती वाकलेली किंवा मागच्या कुणीतरी काढून टाकलेली असते. काढून टाकलेली असेल तर तसं वहीत लिहा, आणि नवीन पट्टी बसवलीत तर तिची तारीखही.